डीजी बंद पडला की लगेच पंप काढू देऊ नका: टाकीपासून नोझलपर्यंत डिझेलचा रस्ता



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका शेडच्या मागे उभं राहून डीजी सेटची डिझेल लाइन उघडून बघितली. इंजिनाच्या आवाजात माझं निम्मं बोलणं ऐकूच येत नाही, हे मला मान्य आहे. म्हणून तोच धडा इथे नीट लिहून देतोय. प्रिंट काढा आणि डीजीजवळ भिंतीला चिकटवा.

"सर, आम्हाला धंदा शिकायचाय, मेकॅनिक नाही व्हायचं," असं क्लासमध्ये कोणीतरी म्हणतंच. बरोबर आहे. मीही बीबीए केलेला माणूस. पान्याशी माझा संबंध नव्हता. पण ज्या मशीनवर तुमचा माल वेळेत जाणं अवलंबून आहे, ते कसं चालतं एवढं मालकाला माहीत नसेल, तर बिल दुसराच कोणीतरी ठरवतो. हे मी पैसे मोजून शिकलोय.

आधी माझीच चूक सांगतो

दुकान टाकायच्या आधी मी याच एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये टॉवेलचे आठ माग चालवायचो. लाइट गेली की २५ केव्हीएचा जुना डीजी. एका रात्री ऑर्डरचा शेवटचा माल मागावर होता. लाइट गेली, डीजी चालू झाला आणि वीस मिनिटांनी आवाज वरखाली करायला लागला. ट्यूबलाइट लपलप करायला लागल्या. मग दोन आचके देऊन बंद.

सकाळी मेकॅनिक आला. पाच मिनिटं सेल्फ मारून बघितला आणि म्हणाला, "मालक, पंप गेला." पंप काढला, लॅबला पाठवला. तीन दिवस माग उभे. बिल साडेअकरा हजार. ऑर्डरचा माल उशिरा गेला म्हणून व्यापाऱ्याने भाव पाडून घेतला, तो तोटा वेगळा.

पंप बसवला, डीजी झकास चालला. पाचव्या दिवशी पुन्हा तेच. आवाज वरखाली, आचके, बंद.

शेजारच्या शेडमध्ये एक म्हातारे अण्णा वॉचमन होते, आधी ट्रक चालवायचे. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "टाकी फुल असताना बंद पडतो का अर्धी असताना?" मी आठवून बघितलं. दोन्ही वेळा टाकी अर्ध्याच्या खाली होती. अण्णा हसले. म्हणाले, "मग पंपाचं काय घेऊन बसलात? एक डबा आणा डिझेलचा."

स्वच्छ डबा स्टुलावर ठेवला, नवीन होज लावून फीड पंपाला डिझेल थेट दिलं. इंजिन अर्धा तास एका सुरात चाललं. दोष पंपात नव्हताच. टाकीतून येणारा रबरी होज क्लिपच्या खाली तडकला होता आणि बँजो बोल्टचा कॉपर वॉशर दबून गेला होता. नवा होज आणि दोन वॉशर मिळून शंभर रुपयेही लागले नाहीत.

त्या मेकॅनिकने मला फसवलं का? मला आजही ठामपणे सांगता येणार नाही. कदाचित त्यालाही कळलं नसेल. पण मला एक प्रश्न विचारता आला असता तर साडेअकरा हजार वाचले असते, एवढं नक्की.

डिझेलचा रस्ता: सात थांबे

जुन्या पद्धतीच्या, म्हणजे मेकॅनिकल पंपाच्या सेटमध्ये डिझेल कसं जातं ते एकदा ओळीने समजून घ्या.

१. टाकी. आजकाल बहुतेक सेटची टाकी खाली, कॅनोपीच्या तळातच असते. डिझेल ओढणाऱ्या पाइपचं तोंड तळाच्या थोडं वर ठेवलेलं असतं, म्हणजे खाली बसलेलं पाणी आणि गाळ ओढला जात नाही. तळाला ड्रेन प्लग आणि वर हवेसाठी ब्रीदर असतो. ब्रीदर बुजला तर डिझेल निघतं तसा टाकीत व्हॅक्युम तयार होतो आणि इंजिन उपाशी मरतं. झाकण सैल केल्यावर इंजिन सुधारलं तर समजा ब्रीदरच बुजलाय.

२. वॉटर सेपरेटर. पाणी डिझेलपेक्षा जड असतं, म्हणून ते खालच्या वाटीत बसतं. वाटीखालचा स्क्रू सोडून ते काढायचं असतं. बऱ्याच ठिकाणी हा स्क्रू बसवल्यापासून कोणी हलवलेलाच नसतो.

३. फीड पंप. टाकीतून डिझेल ओढून पुढे ढकलणारा छोटा पंप. त्याच्यावर हाताने दाबायचा प्रायमर असतो. एक-दोन सिलिंडरच्या काही छोट्या सेटवर टाकीच वर असते. तिथे डिझेल उताराने येतं, फीड पंप लागत नाही.

४. डिझेल फिल्टर. बहुतेक ठिकाणी एकामागे एक दोन असतात. पहिला जाड कचरा अडवतो, दुसरा बारीक. बारीक म्हणजे किती? पुढच्या पंपातल्या प्लंजर-बॅरलची फट अवघी दोन-तीन मायक्रॉन असते. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. आता सांगा, शंभर-दोनशे रुपये वाचवायला लोकल फिल्टर लावायचा का?

५. फ्युएल इंजेक्शन पंप, म्हणजेच एफआयपी. हा त्या डिझेलला प्रचंड दाब देतो आणि प्रत्येक सिलिंडरला योग्य वेळी मोजून पाठवतो. किती पाठवायचं ते गव्हर्नर ठरवतो. आपल्याला ५० हर्ट्झ वीज हवी, त्यासाठी चार पोलच्या अल्टरनेटरला १५०० आरपीएम लागतात. माग चालू झाले की इंजिनावर ओझं येतं, वेग पडायला लागतो, गव्हर्नर डिझेल वाढवतो. माग बंद झाले की कमी करतो.

६. हाय प्रेशर पाइप आणि इंजेक्टर. जाड भिंतीचे ते स्टीलचे पाइप. मेकॅनिकल नोझल साधारण २०० बार दाबाच्या आसपास उघडतं आणि डिझेलचं धुकं सिलिंडरमध्ये फवारतं. धुकं चांगलं असेल तरच ते पूर्ण जळतं.

७. ओव्हरफ्लो म्हणजे परतीची लाइन. लागतं त्यापेक्षा जास्त डिझेल पुढे पाठवलं जातं. उरलेलं पंपाला थंड ठेवत, सोबत हवेचे बुडबुडे घेऊन टाकीत परत येतं. ही लाइन वाकली किंवा बुजली तरी सेट त्रास देतो, पण तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

थोडा इतिहासही सांगतो. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२७ साली डिझेल इंजेक्शन पंप कारखान्यात मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली, तेव्हा कुठे डिझेल इंजिन आटोपशीर झालं. आपल्याकडे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली पुण्यात सुरू झाली आणि १९६२ साली किर्लोस्कर कमिन्सही पुण्यातच. इंजेक्टर आणि नोझल बनवणारा मायकोचा, म्हणजे आताच्या बॉशचा, कारखाना नाशिकला. मायको सर्कल हे चौकाचं नाव नाशिककर आजही घेतात. तुमच्या शेडमागे धडधडणाऱ्या सेटचं बरंचसं नातं असं महाराष्ट्रातल्या एमआयडीसींशीच आहे.

एक वाक्य पाठ करा

फीड पंपाच्या आधी गळती असेल तर हवा आत जाते. फीड पंपाच्या नंतर गळती असेल तर डिझेल बाहेर येतं.

सगळा धडा विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. फीड पंपाच्या आधीच्या भागात ओढ असते, स्ट्रॉने ऊसाचा रस ओढतो तशी. स्ट्रॉला वर चीर असेल तर रस येत नाही, नुसती हवा येते. पण ग्लासात रस काठोकाठ असेल तर थोडा तरी येतो. माझ्या डीजीचं हेच झालं होतं. टाकी फुल असताना ओढायची उंची कमी, म्हणून काम भागत होतं. टाकी अर्ध्यावर आली की ओढ वाढायची आणि तडकलेल्या होजमधून हवा शिरायची. पंप लॅबवरून आल्यावर सेट चालला, कारण बसवताना मेकॅनिकने एअर काढली होती आणि मी टाकी फुल केली होती. दुरुस्ती झालीच नव्हती, फक्त चार दिवस पुढे ढकलली होती.

आणि या गळतीचा डाग कुठेच दिसत नाही. डिझेल बाहेर पडतच नाही ना! म्हणून "सगळं कोरडं आहे, गळती नाही" हे वाक्य फक्त फीड पंपाच्या पुढच्या भागाला खरं आहे.

आणखी एक खूण. सकाळी पहिल्यांदा सेल्फ खूप मारावा लागतो आणि एकदा चालू झाला की दिवसभर ठीक चालतो? रात्रीतून लाइनमधलं डिझेल टाकीत उतरत असेल. पुन्हा तोच संशय: होज, क्लिप, वॉशर.

डबा टेस्ट

आधी सुरक्षा. एएमएफ पॅनल ऑटोवर असेल तर ऑफ करा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. लाइट गेली आणि तुमचा हात बेल्टजवळ असताना सेट आपोआप चालू झाला तर काय होईल, विचार करा. जोडणी पूर्ण झाली, हात बाजूला झाले की मगच बॅटरी परत जोडा.

स्वच्छ डबा, स्वच्छ गाळलेलं डिझेल. डबा फीड पंपाच्या पातळीला किंवा थोडा वर स्टुलावर, सायलेन्सरपासून लांब. डब्यातून होज फीड पंपाच्या इनलेटला, ओव्हरफ्लोचा पाइपही त्याच डब्यात. एअर काढा, सेट चालवा.

नीट चालला तर दोष टाकी ते फीड पंप या भागात. स्वस्तातलं काम. नीट नाही चालला, तर फिल्टर बघा. प्रायमर दाबताना फिल्टरच्या आधी भरपूर डिझेल येतं आणि नंतर बारीक धार येते, तर फिल्टर चोक. फिल्टरही बरा निघाला, तर फीड पंप. आणि हे सगळं झाल्यावर मग एफआयपी आणि इंजेक्टर लॅबला. खर्च स्वस्ताकडून महागाकडे जायला पाहिजे. माझा उलटा गेला.

एअर कशी काढायची

टाकी रिकामी झाली, फिल्टर बदलला किंवा लाइन उघडली की एअर काढावीच लागते. डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पाइपमध्ये बुडबुडा असेल तर पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यातच जातो आणि नोझल उघडतच नाही.

- टाकीत पुरेसं डिझेल आणि कॉक उघडा आहे ना, बघा.
- फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करा. खाली फडकं आणि भांडं धरा.
- प्रायमर दाबत राहा. आधी फेस, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. सलग आलं की दाबत असतानाच स्क्रू आवळा.
- एफआयपीवरच्या ब्लीड स्क्रूला तेच करा.
- सेल्फ मारा. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये एखादा मिनिट थांबा. नाहीतर डिझेलच्या दोषापायी स्टार्टर आणि बॅटरी जाईल.
- तरी चालू होत नसेल तर मेकॅनिकल सेटवर इंजेक्टरकडचे नट थोडे सैल करून सेल्फ मारतात आणि डिझेल आलं की आवळतात. हे काम जाणकार माणसाकडूनच करून घ्या.

आणि हे लाल अक्षरात लिहा: कॉमन रेलच्या सेटवर हाय प्रेशर नट कधीही सैल करायचा नाही. तिथे दाब हजार बारच्या पुढे असतो. ती धार कातडी फोडून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमवावा लागू शकतो. गळती कुठे आहे हे कुठल्याही सेटवर बोट फिरवून शोधू नका, पुठ्ठा धरा. आणि धार लागलीच तर "थोडंसंच आहे" म्हणत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

पाणी आणि गाळ

लाइट बरी असते, त्यामुळे डीजी महिन्यातून चार-सहा तास चालतो. म्हणजे डिझेल टाकीत पडून राहतं. अर्धी टाकी रिकामी असेल तर वरच्या हवेतला ओलावा रात्री गारठ्यात पत्र्याला धरतो आणि खाली टपकतो. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात आणि काळा चिकट गाळ तयार होतो. तोच फिल्टरमध्ये जातो.

उपाय साधे आहेत. टाकी होता होईल तो भरलेली ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच. महिन्यातून एकदा सेपरेटरचं पाणी काढा. भरताना जाळी लावा. बॅरलमधून डिझेल घेताना अगदी तळाचं ओढू नका. फिल्टर मशीनच्या पुस्तकात दिलेल्या तासांना बदला, आणि तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा. डिझेल लाइनला जीआय पाइप वापरू नका, जस्ताची डिझेलशी रिॲक्शन होऊन नोझल खराब होतात.

धूर बघायला शिका

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी: एअर फिल्टर चोक, ओव्हरलोड किंवा टपकणारं नोझल. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा पाणी. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, तो डिझेल लाइनचा विषयच नाही. मेकॅनिकला फोन करताना धुराचा रंग सांगा. समोरच्याला लगेच कळतं की मालकाला थोडं समजतं.

आता आपला विषय: हिशोब

बरा लोड असेल तर एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३ ते ३.५ युनिट मिळतात. डीजीच्या आउटपुटवर वेगळा युनिट मीटर बसवा आणि वहीत चारच रकाने ठेवा: तारीख, तास, युनिट, भरलेले लिटर.

समजा महिन्याला ४०० युनिट आणि १३० लिटर. म्हणजे लिटरला तीनच्या वर थोडं, ठीक आहे. डिझेल ९० रुपये धरलं तर ११,७०० रुपये, युनिटला सव्वाएकोणतीस. पुढच्या महिन्यात तेच ४०० युनिट, पण १६५ लिटर. ३५ लिटर जास्त, ३,१५० रुपये. हे कुठे गेले? नोझल टपकतंय, गळती आहे, कोणीतरी कॅन भरून नेतंय, किंवा सेट फार कमी लोडवर चालतोय. कामगारावर आरोप करण्याआधी बाकीची कारणं तपासा. वही नसेल तर तुम्ही फक्त संशय घेत बसता आणि चांगला माणूस सोडून जातो.

कमी लोडचं वेगळं सांगतो. "पुढे धंदा वाढेल" म्हणून मोठा सेट घेणारे खूप आहेत. सेट सतत ३० टक्क्यांच्या खाली चालला तर इंजिन पुरेसं तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, नोझलवर कार्बन धरतो, सायलेन्सरमधून काळं तेलकट गळायला लागतं. लिटरमागे युनिटही कमी. आजच्या लोडवर सेट घ्या, स्वप्नातल्या लोडवर नको.

नियमाच्या दोन गोष्टी

डिझेल हे पेट्रोलियम कायदा, १९३४ प्रमाणे ब वर्गात येतं. एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत, आणि कुठलंही एक भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल, तर साठवायला परवाना लागत नाही. त्याच्या पुढे लागतो. छोट्या युनिटला एवढा साठा लागतच नाही, पण मोठी टाकी स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊ नका.

दुसरं, २०२३ पासून नवीन सेटसाठी सीपीसीबी ४ प्लस हे धुराचे नियम आले. त्यामुळे बऱ्याच नवीन सेटवर इलेक्ट्रॉनिक कंट्रोल आणि कॉमन रेल आलंय. डिझेल मोजायचं काम गव्हर्नरऐवजी ईसीयू करतो. अशा सेटला स्वच्छ डिझेल आणि ओरिजिनल फिल्टर याला पर्याय नाही, आणि दुरुस्तीला स्कॅनर लागतो. जुना सेट विकत घेताना आणि नवीन घेताना, दोन्ही वेळा विचारा: मेकॅनिकल आहे का कॉमन रेल? सोलापुरात सर्व्हिस कोण देतं?

यात धंदा कुठे आहे?

आपल्या भागात चादर-टॉवेलची युनिटं आहेत, गारमेंट आहे, हॉटेलं, हॉस्पिटलं, मंगल कार्यालयं आहेत. सगळीकडे डीजी आहे आणि बहुतेक ठिकाणी त्याचा वाली कोणी नाही. पंप कॅलिब्रेशनची लॅब टाकायला मोठं भांडवल लागतं. पण महिन्यातून एकदा जाऊन पाणी काढणं, होज-क्लिप-वॉशर तपासणं, फिल्टरची तारीख लिहिणं, पंधरा मिनिटं लोडवर चालवणं आणि वही भरणं, याला लागते एक बॅग, एक दुचाकी आणि शब्द पाळायची सवय. मेकॅनिकल काम येणारा एक मुलगा आणि हिशोब येणारे तुम्ही, अशी जोडी जमली तर वीस सेटपासून सुरुवात करता येते. फक्त एक पथ्य पाळा: जो भाग बदलला तो जुना भाग मालकाच्या हातात द्या. लोकांना दुरुस्तीपेक्षा विश्वास जास्त हवा असतो.

आणि तुम्ही ग्राहक असाल, तर मेकॅनिकला हे तीन प्रश्न विचारा: "डबा लावून बघितला का?" "फिल्टरच्या आधी आणि नंतर डिझेल किती येतंय?" "जुना भाग मला दाखवणार का?" चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी चिडत नाही. उलट, खूश होतो.

गृहपाठ

या रविवारी स्वतः डीजीजवळ जा. सेट बंद, बॅटरी काढलेली. टाकीपासून नोझलपर्यंत बोटाने रस्ता दाखवत सातही थांबे ओळखा आणि कागदावर चित्र काढा. होजला क्लिपपाशी वाकवून तडा आहे का बघा. सेपरेटरचं पाणी काचेच्या बाटलीत काढा आणि किती निघतं ते डोळ्यांनी बघा.

माझ्या दुकानाच्या गल्ल्याशेजारी एक दबलेला कॉपर वॉशर खिळ्याला टांगलेला आहे. गिऱ्हाईक विचारतं, "हे काय लावलंय ओ?" मी सांगतो, हे माझं साडेअकरा हजारांचं सर्टिफिकेट आहे. तुम्हाला ते फुकट मिळालंय. वापरा.